दाराआडचा नमुना

दिनांक १६ एप्रिल २०२४, मंगळवार, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या उटनूरच्या घरातील संडासाचे दार वीतभर उघडले आणि माझ्या पत्नीने, सुभद्रेने, नमुन्याची डबी बाहेर दिली. डबी एक, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोन रबरांनी बांधलेली. मी ती उलगडून पाहिली नाही. वर्तमानपत्रावरूनच चिकटपट्टी फिरवली, अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर येईल अशी सही केली, वेळ लिहिली आणि डबी बर्फाच्या पेटीत ठेवली. साडेसहाला गाडी सुरू केली. इंद्रवेल्लीवरून आदिलाबादला पोहोचून आठ वाजून दहा मिनिटांनी ती पेटी मी प्रयोगशाळेच्या खिडकीत दिली आणि पोच घेतली.

नमुना कसा न्यावा हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पॉलिटेक्निकमधून स्थापत्याची पदविका घेऊन मी ग्रामीण पाणीपुरवठा खात्यात लागलो आणि बत्तीस वर्षे या जंगलपट्ट्यातील विहिरींचे, हातपंपांचे आणि टाक्यांचे पाणी तपासत राहिलो. बाटली निर्जंतुक असावी, झाकण शेवटच्या क्षणी उघडावे, वेळ आणि जागा तिथेच लिहावी, वाटेत बाटली कोणाच्याही हाती देऊ नये. यातील एक पायरी चुकली तरी अहवालाला अर्थ उरत नाही.

नवव्या दिवशी अहवाल आला. आकडा अडतीस होता. जानेवारीत तोच आकडा एक हजार चारशे साठ होता. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि वही सुभद्रेपुढे धरली.

"पाहा. अडतीस."

"आला ना मनासारखा?" ती म्हणाली आणि कणीक मळायला वळली.

आता जानेवारीबद्दल सांगितले पाहिजे. संक्रांतीच्या आधीपासून सुभद्रेला दिवसातून आठ-नऊ वेळा संडासला जावे लागत होते आणि रक्त पडत होते. आदिलाबादला डॉ. राघवेंद्र यांनी दुर्बीण घालून मोठे आतडे पाहिले, तेथल्या तेथे मलाचा नमुना घेतला आणि आजाराचे नाव सांगितले: अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन पडलेले व्रण. सुभद्रेचे वय तेव्हा त्रेसष्ट, माझे एकोणसत्तर.

"जंतुसंसर्ग आहे का?" मी विचारले.

"बाहेरून आलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "जंतू आहेत, पण ते घरचेच."

हे मला पटणे कठीण होते. माझ्या नोकरीत आतड्यातील जंतू पाण्यात सापडणे हाच गुन्ह्याचा पुरावा होता. तपासणीची बाटली काळी पडली की विहीर बंद करायची आणि क्लोरीन टाकायचे. मी डॉक्टरांना तसे सांगितले आणि म्हणालो, "मग ते मारणारे औषध द्या."

डॉक्टर हसले आणि तेलुगू रीतीने नावाला आदराचे "गारू" जोडून म्हणाले, "अनंतरावगारू, कोणते मारू? मोजता येणार नाहीत इतके आहेत, आणि बहुतेक सगळे अम्मांच्या उपयोगाचे. तुमच्या भाषेत सांगतो. कालव्याला अस्तर असतं की नाही? आतड्याच्या भिंतीवरही चिकट श्लेष्माचा थर असतो. जंतू थराच्या पलीकडे राहतात, भिंत अलीकडे. भिंतीतल्या पेशींना जंतूंच्या अंगावरचे तुकडे ओळखता येतात, पण दोघांत अंतर असलं की पेशी गप्प बसतात. थर पातळ झाला की जंतू भिंतीला येऊन भिडतात. मग पेशी धोक्याची रसायनं सोडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, हल्ला करतात, आणि त्या हल्ल्यात भिंतच फाटते. फाटलेल्या जागेतून आणखी जंतू आत. पुन्हा हल्ला."

"म्हणजे जंतूंनी काहीच केलेले नसते?"

"ते जिथे होते तिथेच असतात, जसे होते तसेच. हे नेमकं सुरू कशानं होतं, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही."

त्यांनी मोजमापही समजावले. धावून आलेल्या पांढऱ्या पेशी आतड्यात फुटतात तेव्हा त्यांच्यातून कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन सांडते. ते मलात मोजता येते. पन्नासच्या आत असेल तर आत शांतता आहे. दोनशे-अडीचशेच्या वर गेले तर आग चालू आहे. "तीन महिन्यांनी आकडा दोनशेच्या खाली आला तर स्टेरॉइड बंद करू," ते म्हणाले. "नाही आला, तर पुढची इंजेक्शनं आहेत, हैदराबादला जावं लागेल. तेही लागू पडलं नाही तर शेवटी मोठं आतडं काढावं लागतं. मग पोटावर पिशवी."

"पिशवीवर लुगडं कसं नेसायचं?" सुभद्रेने विचारले. तिने त्या दिवशी विचारलेला हा एकमेव प्रश्न होता.

आतडे वाचवणे हे काम होते, आणि काम समोर आले की मी ते शिस्तीने करतो. स्वयंपाकघर मी ताब्यात घेतले. ज्वारीची भाकरी बंद, अंबाडीची भाजी बंद, ठेचा आणि तिळाची चटणी बंद. तांदळाची पेज, उकडलेला बटाटा, ताक, सर्व मापून. एक जाड वही आणली आणि तिच्यात रकाने आखले: वेळ, कितवी खेप, रंग, रक्त, प्रमाण. सुभद्रा संडासातून बाहेर आली की मी दाराशी उभा असे. "कितवी? रंग?" ती सांगे, मी लिहून घेई. माहेरी जाणे, पंगतीला बसणे, चुलीजवळ जाणे यांवर बंदी घातली. डॉक्टरांनी दोनशेची मर्यादा दिली होती. मी घरापुरती पन्नासची ठरवली. पूल बांधताना अपेक्षेपेक्षा जास्त भार धरूनच आखणी करतात.

फेब्रुवारीत हळदीकुंकवाला आळीतल्या बायका आल्या होत्या. सुभद्रा मध्येच उठून आत गेली आणि परत आली. मी वही घेऊन बैठकीच्या दाराशी गेलो आणि विचारले, "रक्त होते का?"

शेजारच्या जयवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. "अवं अनंतभाऊ, सरकारी नोकरी सुटली, पन हजेरी घ्याची सवय काई सुटली नाई तुमची!"

बायका हसल्या. मीही हसलो. सुभद्रा हळदीच्या करंड्यात बोट घालून तशीच उभी होती. "नव्हतं," ती म्हणाली.

एप्रिलच्या अडतीसने सर्व बदलले. डॉक्टरांनी स्टेरॉइड उतरवत नेऊन बंद केले. इंजेक्शनांचा विषय निघालाच नाही. चालू राहिल्या त्या फक्त रोजच्या गोळ्या. सुभद्रेला दिलेला शब्द मी पाळला. वही कपाटात ठेवली आणि चूल तिच्या हवाली केली. पहिल्या संध्याकाळी तिने सात भाकरी केल्या. आमचा मुलगा भार्गव इंद्रवेल्लीला बँकेत आहे, सून चैत्राली उटनूरच्याच शाळेत गणित शिकवते. आम्ही चौघे जेवायला बसलो आणि मी आकडा पुन्हा एकदा सांगितला. चैत्राली ताट उचलून आत गेली. भूक नसेल, असे मला वाटले.

दिनांक २३ जुलैला दुसरी तपासणी झाली. तीच वेळ, तसाच कागद, तशीच दोन रबरे. आकडा आला एकेचाळीस. नातेवाइकांना फोन करून मी तो कळवला, आणि जयवंताबाईंना कुंपणावरून सांगितला. "म्हंजे सुभद्राबाई पास झाल्या म्हना," त्या म्हणाल्या.

श्रावणात राखीला आणि नंतर पोळ्याला सुभद्रा बाजारहत्नूरला माहेरी गेली. तिचा धाकटा भाऊ भिवाजी तेथे कापूस आणि ज्वारी करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला, सकाळी सव्वासातला त्याचा फोन आला.

"भाऊजी, तुमी निंघा. ताई संडासात पडली. लई रगत गेलं."

"कधीपासून?"

"आजचं नाई हे. राखीले आली तवाई कपडे लपून धूत होती."

"मला का कळवले नाही?"

भिवाजी म्हणाला, "मले वाटलं तुमाले ठावं आहे, भाऊजी. तुमी तं सारं लिवून ठेवता."

मी पोहोचलो तेव्हा सुभद्रा ओसरीत बाजेवर होती. ओठ कागदासारखे पांढरे. गाडीत तिने डोळे उघडले नाहीत. आदिलाबादला रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. डॉ. राघवेंद्र यांनी दुर्बिणीचे टोक जेमतेम आत घातले आणि लगेच बाहेर काढले. शिरेतून स्टेरॉइड सुरू केले, रक्त चढवले आणि मला खोलीत बोलावले.

"सूज फार आहे. तीन दिवस हे औषध देऊन पाहू. उतार पडला तर आतडं वाचेल. नाही तर काढावं लागेल." त्यांनी जुने अहवाल पुढे ओढले. "एक गोष्ट जमत नाही. अम्मा आता सांगतात की रक्त कधी थांबलंच नव्हतं. मार्चमध्ये कमी झालं होतं, एवढंच. मग एप्रिलला अडतीस कसं? जुलैला एकेचाळीस कसं? हे आकडे मी त्यांच्या आतड्याला लावूच शकत नाही. खरा आकडा मिळाला असता तर स्टेरॉइड असं थांबवलं नसतं. मे महिन्यातच इंजेक्शनं दिली असती."

दोष कोठे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. डबी माझ्या घरातून निघाली, माझ्या सहीने निघाली, आणि खिडकीपर्यंत माझ्याच हातात होती. पुढची साखळी माझी नव्हती. म्हणजे अदलाबदल प्रयोगशाळेत झाली. रुग्णालयाच्या बाकावर बसून मी तीन पानी तक्रार लिहिली, पोचपावत्यांच्या प्रती जोडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या मालकांच्या टेबलावर ठेवली. नमुने घेणाऱ्या माणसाचे नाव प्रवीण. चाळिशीचा, बारा वर्षे त्या खिडकीत बसलेला. मालकांनी तक्रार वाचली आणि त्याला तेव्हाच खिडकीतून उठवले. "चौकशी होईस्तोवर घरी जा," ते म्हणाले.

प्रवीण घरी गेला नाही. तो आत जाऊन एक लांबोडके रजिस्टर घेऊन आला आणि माझ्यासमोर उघडून धरले.

"सार, तुमी वेळ लिहिता, आमी वस्तू लिहितो. ही जानेवारी, हॉस्पिटलातून आलेली. वाचा."

मी वाचले: पातळ, रक्त, शेंबूड.

"ही एप्रिल. तुमी आणलेली. मी तुमचा कागद कापला, डबी काढली, बघितली, लिहिलं. वाचा."

घट्ट, तपकिरी, रक्त नाही.

"जुलै?"

घट्ट, तपकिरी, रक्त नाही.

"सार, मी बारा वर्षं हेच बघून राह्यलो. लोक फुलं बघतात, मी हे बघतो. ही आजारी माणसाची नाही. ज्याला भूक लागते, झोप लागते, त्याची आहे. मला तेवा वाटलं, चला, अम्मा बरी झाली." त्याने रजिस्टर मिटले. "सील कोणाचं होतं?"

"माझे."

"साबूत होतं. तसंच लिहिलंय. कागद कोणी गुंडाळला?"

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली धोंडीबा नावाचा पंपचालक होता. सात गावांचे नमुने आणायला पाठवले, तर त्याने एकाच हातपंपावर बसून सातही बाटल्या भरल्या आणि वर सात गावांची नावे चिकटवली. सातही अहवाल सारखे निघाले तेव्हा मी अर्ध्या तासात ओळखले आणि त्याच्यावर दोषारोप ठेवला. त्या दिवशी मला स्वतःची फार हुशारी वाटली होती. येथे माझ्या पत्नीच्या नावाच्या तीन नमुन्यांपैकी दोन एका शरीराचे आणि एक दुसऱ्याचा होता, आणि पाच महिने मी त्यावर आनंद मानत होतो. पत्नीला दिवसातून आठ वेळा रंग विचारणाऱ्या मी डबीवरचा कागद काढून आत एकदाही पाहिले नव्हते. ते असभ्य वाटले. दाराआड उभे राहून प्रश्न विचारणे मात्र असभ्य वाटले नव्हते.

तक्रार मागे घेतो, असे मी मालकांना सांगितले आणि कोरा कागद मागितला.

"पेन माझा देऊ का, सार?" प्रवीण म्हणाला.

मी त्याच्याच पेनने दोन ओळी लिहिल्या.

रुग्णालयात परतलो तेव्हा चैत्राली मधल्या वाटेत बाकावर बसली होती, मांडीवर सासूच्या कपड्यांची पिशवी. मी बसलो नाही.

"आईची डबी कोणी भरली?"

तिने मान वर केली नाही. "मी, बाबा."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा." तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "एप्रिलमध्ये आई पहाटे माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, मला आज होत नाही, आणि तुझे सासरे साडेसहाला गाडी काढतील, तू दे. कोणत्या सासूनं सुनेकडे असलं काही मागितलं असेल? मला हसूच फुटलं. मग त्याही हसायला लागल्या. तुम्ही बाहेर पेटी घेऊन उभे होतात, आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून..."

"आणि जुलैमध्ये?"

"जुलैमध्ये हसलो नाही."

"तेव्हा तुला ठाऊक होते."

"हो. मी म्हटलं, आई, आता मी बाबांना सांगते. त्या म्हणाल्या, सांग, म्हणजे मी उद्यापासून परत पेजेवर आणि वहीवर. माझ्याच्यानं सांगवलं नाही."

"तू गणित शिकवतेस, चैत्राली. अडतीसवर औषध थांबले, हे तुला कळत होते."

"कळत होतं, बाबा."

ती रडू लागली. माझ्या कानात दुसराच आवाज होता: मी पेटीत बर्फ लावतो आहे, पट्टीवर सही करतो आहे, आणि पातळ दाराच्या पलीकडे माझ्या घरातल्या दोन बायका माझ्यावर हसत आहेत. चाळीस वर्षांच्या संसारात सुभद्रेने माझ्यापासून काही लपवले असेल, असे मी कधी मानले नव्हते. घराच्या चाव्या, पासबुके, माझ्या छातीच्या गोळ्या, सारे तिच्याजवळ असे. जिच्यावर सर्वांत कमी पहारा ठेवायची गरज होती असे मी समजत होतो, तिनेच मला फसवले, आणि तेही स्वतःच्या जिवावर उदार होऊन.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत मी तिच्या खाटेजवळ गेलो. एका हाताला रक्ताची नळी, दुसऱ्याला औषधाची.

"डबी तुझी नव्हती."

"तिनं सांगतलं?"

"रजिस्टरने सांगितले."

"हो. रजिस्टरच सांगते तुमाले सारं."

"काऊन केलं?" मी म्हणालो. "का"साठीचा हा घरचा शब्द माझ्या तोंडून पॉलिटेक्निकला गेल्यापासून आला नव्हता.

सुभद्रेने छताकडे पाहिले. बोलताना तिला दम लागत होता, म्हणून ती तुकड्या-तुकड्यांनी बोलली. "मी मानूस नव्हती राह्यली. तुमच्या पान्याची बाटली झालती. दार उघडलं का तुमी उभे. कितवी, कोनता रंग. जयवंताबाईच्या समोर पुसलं. माह्या हातात हळदीचा करंडा होता, करंडा. मार्चात मी हात जोडले तुमाले. म्हटलं, हे पुसनं बंद करा, बाकी सारं करतो. काय म्हटलं तुमी?"

मला आठवत होते.

"म्हटलं, आकडा पन्नासच्या आत आला का बंद करीन. मंग आनला आत."

"अगं, तो आकडा मी तुझ्यासाठी मागत होतो. तुझे आतडे वाचावे म्हणून."

"मले वाटलं, थोडंच तं जाते, जाईन आपसूक. मले हे इतकं होईन असं वाटलं नाई."

"आणि चैत्रालीला गोवलेस. डॉक्टरांना फसवलेस. आज एका माणसाला मी खिडकीतून उठवले, सुभद्रा. त्याचा काही दोष नव्हता."

तिने डोळे मिटले. "तो दोष माहा. लिवून ठेवा वहीत."

मी बाहेर आलो. येथे मी तिला क्षमा केली असे लिहिता आले असते. ते खरे होणार नाही. मी रागावलो होतो, आणि रागापेक्षा अधिक अपमानित झालो होतो. डॉक्टरांनी समजावलेली ती भिंत मला आठवली, जी आयुष्यभराच्या रहिवाशांना एके दिवशी शत्रू ठरवते आणि त्यांच्यावर तुटून पडता पडता स्वतः फाटते. आमच्या दोघांत भिंत कोण आणि रहिवासी कोण, हे मी बराच वेळ ठरवत बसलो. ठरले नाही.

दिनांक ५ सप्टेंबर, गुरुवार, हा उपचाराचा तिसरा दिवस. सकाळी साडेदहाला डॉ. राघवेंद्र खाटेजवळ आले. हातात पोटाचा एक्स-रे होता. त्यांनी मला खिडकीशी नेऊन तो उजेडात धरला.

"आतडं फुगतंय. साडेपाच सेंटिमीटर. सहाला मी थांबणार नाही. रक्ताचे रिपोर्ट मध्येच लोंबकळतायत. आता सगळं खेपांवर आहे. चोवीस तासांत आठच्या आत असल्या तर दुसरं इंजेक्शन देऊन आणखी थोडी वाट बघू. आठच्या वर गेल्या तर आजच हैदराबाद आणि आजच ऑपरेशन. उशीर केला तर आतडं आत फुटेल."

खाटेच्या पायथ्याशी सिस्टरचा तक्ता लटकत होता. मी तो वाचला. चोवीस तासांत सात खेपा. सात म्हणजे थांबता येत होते. मला बरे वाटले आणि लगेच पुढची गोष्ट ध्यानात आली. संडास खोलीला लागून होता, सुभद्रा भिंतीला धरून स्वतः जात होती, आणि सिस्टर ती सांगेल तेच लिहीत होती. त्या सातचा साक्षीदार कोणीही नव्हता. मी तिच्याकडे पाहिले. विचारावेसे वाटले. पण विचारण्याचा अधिकार मी वापरून संपवला होता, आणि तिच्या उत्तरावर मी आता विश्वासही ठेवू शकलो नसतो.

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले. "अम्मा, कागदावर सात आहेत. बरोबर आहे?"

सुभद्रेने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. चैत्राली पायाशी उभी होती. तिने खाटेची कड घट्ट धरली.

"सात नाई," सुभद्रा म्हणाली.

"किती?"

"अकरा. चार मी सिस्टरले सांगतल्या नाई."

"रक्त?"

"अकराही वेळा."

"अम्मा, मी आता खिडकीशी काय म्हणालो, ऐकलंत ना? अकरा म्हणजे काय होईल, कळतंय?"

"पिशवी."

"हो."

"कळते. म्हनून तं सांगून राह्यली."

तिने हे सर्व डॉक्टरांकडे पाहून सांगितले. माझ्याकडे तिने मान वळवली नाही. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. जो खरा आकडा मी आठ महिने मागत होतो, तो तिने एका परक्या माणसाला एका प्रश्नात दिला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी रुग्णवाहिका निघाली. भार्गव निर्मलपर्यंत मागून गाडी घेऊन आला आणि पुढे आमच्यात बसला. वाटेत सुभद्रेने एकदा पाणी मागितले, तेही चैत्रालीकडे. हैदराबादला त्याच दिवशी सायंकाळी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य म्हणाले की, आतड्याची भिंत ओल्या कागदासारखी झाली होती; आणखी एक दिवस गेला असता तर ती टिकली नसती.

सुभद्रा वाचली. पंधराव्या दिवशी आम्ही उटनूरला आलो. आता ती सैल झगा घालते. भाकरी बसून करते. पिशवी बदलायची असली की चैत्रालीला हाक मारते. मी घरात असलो तरी मला सांगत नाही, आणि मी विचारत नाही. जयवंताबाई येतात तेव्हा दोघी हळू आवाजात बोलतात आणि मी आलो की कापसाच्या भावाविषयी बोलू लागतात. प्रवीणला पत्र पाठवून मी माफी मागितली. त्याचे उत्तर आले नाही.

शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाची तपासणी होऊन अहवाल २४ सप्टेंबरला टपालाने घरी आला. पाकीट माझ्या नावाने होते. मी ते न उघडता सुभद्रेकडे दिले. तिने फोडले, कागद उलटसुलट पाहिला आणि परत माझ्यापुढे सारला.

"वाचा. तुमालेच समजते."

पहिल्या ओळीत तिचे नाव आणि वय होते. दुसऱ्या ओळीत लिहिले होते: काढलेल्या मोठ्या आतड्याची लांबी, ११२ सेंटिमीटर.